आयचे हात

माझी आय लुईझा चाळीस वर्षं मासळी विकत होती. तिच्या तोंडाला लागायला सगळं पाचूबंदर घाबरायचं. कोणी सुरमई निम्म्या भावात मागितली, तर त्याच्या हातातून ती मासा हिसकावून घ्यायची.

२००४ साली मी माणिकपूरला फोटो स्टुडिओ टाकला, कॉम्प्युटर घेतला. चेहऱ्याभोवती अंडाकृती आखायची, कडा मऊ करायच्या आणि बाहेरचं सगळं पांढऱ्या धुक्यात विरवायचं, एवढं मला झकास जमायचं. आयच्या साठीला तिचाही फोटो तसाच केला आणि घरी दारासमोर टांगला.

ती बंदरावरच्या मासळीच्या लिलावावरून आली तेव्हा शेजारची प्रिसिलामावशी फोटोसमोर क्रूसाची खूण करत रडत होती. आमच्या ख्रिस्ती लोकांत असा फोटो फक्त मयताच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, कार्डावर छापतात, हे मी साफ विसरलो होतो.

"मुडद्या, जित्तीच गाडलीस मला?" आयने खिळ्यासकट फोटो उपटला.

"अगं, फिनिशिंग आहे ते."

"फिनिशिंग? मंग माझे हात कुठं हायत? पाटी कुठं हाय?"

मूळ फोटोत तिने मासळीची पाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मी चेहरा तेवढा ठेवून बाकी सगळं पुसून टाकलं होतं.

"मी मेली की पूस माझे हात," ती ओरडली. "तवा ते रिकामेच असतील."