केसवाल्यांची गाणी

बारामती-इंदापूर पट्ट्यात इंग्रजी रॉक ऐकणारी माणसं मला दोनच माहीत होती, आणि त्या दोघांचं आपसात पटत नव्हतं. एक मी. दुसरा माझा मित्र, एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात माझ्याच पाळीत कामाला. रविवारी तो इंदापूरकडच्या आपल्या गावाहून मोटारसायकलवर यायचा. कालव्याच्या कडेला स्पीकर लावून आम्ही बसायचो. एक गाणं माझं, एक त्याचं.

माझा जीव जुन्या रॉकवर. मळक्या जीन्स घालून, खाली मान घालून वाजवणारी माणसं. एकदा गिटार सुरू झाली की हातातला चहा निवला तरी ती थांबायची नाही. त्याचा जीव त्यांच्या नंतर आलेल्या केसवाल्यांवर. फुगवलेले केस, डोळ्यांत काजळ, ओठांना लिपस्टिक, अंगाला चिकटलेली चट्ट्यापट्ट्यांची विजार, आणि दर गाण्यात मौज करायची तीच ती आरोळी.

मी म्हणायचो, "यांचे केस काप, मग काय उरतंय सांग."

तो म्हणायचा, "तुझी गाणी ऐकायची म्हंजी मयताला बसल्यावानी बसायचं. माझी माणसं निदान नटून तरी येत्यात."

त्यानं स्वतःचेही केस वाढवले, पार खांद्यापर्यंत. दुधाच्या कारखान्यात एक केस बाहेर दिसलेला चालत नाही. एके दिवशी सुपरवायझर ओरडला, "टोपीत मावंना झाल्यात. कापून ये, न्हायतर गेटवरनंच माघारी जा." माझा मित्र म्हणाला, "साहेब, नवसाचं केस हायती."

सुपरवायझर एकदम मऊ पडला. त्यानं मोठी टोपी मागवून दिली. आम्ही त्यावर कितीतरी दिवस हसलो.

सुपरवायझर काटेवाडीचा, पण त्याची सासुरवाडी नेमकी मित्राच्या गावात. बातमी घरी पोहोचायला कितीसा वेळ लागणार? मित्राच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आहे. देव मात्र तेच. 'जटा वाढवल्यात मेल्यानं' म्हणणारी त्याची आत्या गप्प झाली. आई स्वतःच्या हातानं त्याच्या केसांना तेल लावायला लागली. मग गोठ्यातली गाभण म्हैस मेली, आणि आत्यानं निकाल दिला: पोरानं नवस थकवलाय.

मी त्याला म्हणालो, "खरं काय ते सांगून टाक."

"काय सांगू आईला? लिपस्टिक लावणाऱ्या बाप्यांवानी दिसायचं म्हणून वाढीवल्यात?" तो म्हणाला. वर हेही ऐकवलं, "तुमच्यात नवस न्हायती. तुला बोलाय काय जातंय?"

आमच्या घरानं आजोबांच्या वेळी धम्म स्वीकारला, तेव्हाच नवस सुटले. त्याचं बोलणं मला लागलं. आजही आठवलं की डोकं तापतं.

टेम्पो ठरला, बकरं ठरलं. मलाही आवतण होतं. देवापुढं न्हाव्यानं वस्तरा चालवला आणि इतक्या हौसेनं वाढवलेले केस आईच्या पदरात पडले. तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मला कुणावर चिडावं तेच कळेना. तुळतुळीत डोक्यावर भंडारा माखून तो माझ्या शेजारी पंगतीला बसला. मटण झकास झालं होतं, हे सांगतानाही मला राग येतो.

पुढच्या रविवारी तो आला. त्याला बरं वाटावं म्हणून माझी पाळी सोडून मी आधी त्याचंच गाणं लावलं. अर्ध्यावर त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि स्पीकर बंद केला.

"ऱ्हाऊ दे गड्या. आता ऐकवत न्हाय. तू म्हणायचास त्येच खरं. केसांचंच हुतं समदं."

इतकी वर्षं मी ज्या वाक्यासाठी भांडलो, ते त्यानं असं आयतं हातात ठेवलं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. अरे, शिव्या दे, माझ्या गाण्यांना मयत म्हण, पण असं मुकाट्यानं हरायचं काय कारण होतं?

त्यानंतर तो आला नाही. आता त्याचे केस पुन्हा आलेत, पण बारीक कापून ठेवतो. लहान टोपीत मावतात. कारखान्यात भेटला की नव्या म्हशीचं, ऊसतोडीचं बोलतो. मी हो ला हो करतो. घरचे म्हणतात, पोरगं मार्गाला लागलं.

रविवारी मी कालव्यावर जातो. आता दोन्ही पाळ्या माझ्याच. माझं आवडतं गाणं लावतो, मधली ती लांबलचक गिटार सुरू होते, आणि 'बास कर की आता, बदल' असं कुणी म्हणत नाही. परवा ते मीच म्हणालो.