टँगो-टूची उजवी सीट

सुरतेला बदली झाली तेव्हा माझ्या हवाई दलातल्या नोकरीला सतरा वर्षं झाली होती. हुद्दा सार्जंट, ट्रेड इंजिन फिटर. धावपट्टीच्या कडेला आमचं छोटंसं डिटॅचमेंट होतं. एक हँगर, नऊ माणसं आणि दोन आसनांची दोन ट्रेनर विमानं. ऑर्डरवर सुरतेचं नाव वाचून मी खूश झालो, कारण माझा धाकटा भाऊ रमेश लिंबायतला पॉवरलूमवर होता. आमच्या शिरपूरकडचं अर्धं गाव तिथंच आहे. रविवारी भावजयीच्या हातची कळण्याची भाकरी आणि पोटभर अहिराणी. फौजेत एवढं सुख फार झालं.

रोज साडेसहाला आम्ही सगळे एका ओळीत उभे राहून हँगरपुढचं काँक्रीट पायी पालथं घालायचो. नजर खाली. खडा, खिळा, तारेचा तुकडा, दिसेल ते उचलायचं. इंजिनाला खडासुद्धा पुरतो. पुढं जे झालं ते आठवलं की या चालण्याचं मला हसू येतं, आणि ते हसू चांगलं नसतं.

आमच्याकडे एक अलिखित नियम होता. ज्यानं विमान दुरुस्त केलं, त्यानं टेस्ट फ्लाइटला पायलटशेजारी उजव्या सीटवर बसायचं. आमचे जुने वॉरंट ऑफिसर म्हणायचे, "सही करताना हात कापत नाही. बसताना पाय कापले, तर काम पुन्हा करा." हा नियम मी सतरा वर्षं पाळला होता.

त्या महिन्यात स्टोअरमधलं पुसायचं कापड संपलं. इंजिनाच्या कामाला धागा न सुटणारं खास कापड लागतं. मागणी पाठवली होती, पण माल येत नव्हता. रविवारी रमेशकडे बोलता बोलता हे निघालं.

"दादा, चिंध्या लई जाय ना," तो म्हणाला. "आठे काय कमी शे? पोतंभर पडेल शेतस."

फुकटचं ते पौष्टिक. साड्यांच्या कापडाच्या पोपटी, मऊ चिंध्यांचं पोतं मी रिक्षात टाकून हँगरला आणलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मंगळवारी टँगो-टू या विमानाच्या फ्युएल फिल्टरची बाटली मी स्वतः उघडली आणि आतून त्याच चिंधीनं पुसली.

गुरुवारी पायलट, फ्लाइट लेफ्टनंट अरोरा, उड्डाण करून उतरले आणि लॉगबुकात तक्रार लिहिली. फ्युएल फ्लो गेज अठरावरून अचानक बारावर येतं, परत अठरावर जातं. इंजिन मात्र व्यवस्थित चालतंय.

हा फ्युएल फ्लो सेन्सर म्हणजे पाइपात बसवलेली एक बारकी चक्री. पेट्रोल वाहिलं की ती फिरते. तिचे फेरे मोजून कॉकपिटमधलं गेज ताशी किती लिटर जातंय ते दाखवतं. इंजिन नीट आणि आकडा खोटा, म्हणजे दोष सेन्सरचा किंवा वायरचा, असं आम्ही सगळे धरून चाललो.

माझ्याबरोबर कॉर्पोरल गजानन होता. वय सव्वीस, वाशीमकडचा. बाप सेंट्रिंगच्या कामाला सुरतेत आलेला, आई-वडील शहराच्या उत्तरेला कोसाडच्या वसाहतीत राहत. त्याला प्रत्येक काम मोठ्यानं बोलत करायची सवय होती. "कनेक्टर काढला. पिना साफ. अर्थिंग बरोबर." मी म्हणायचो, "गजानन, तू लग्नातसुद्धा 'हार घातला' म्हणून सांगशील." तो म्हणायचा, "सांगीन ना सर. तिले तरी समजलं पायजे."

वायर हलवून पाहिली. दुसऱ्या विमानाचं गेज लावून पाहिलं. तरी आकडा उड्या मारत होता. शुक्रवारी सकाळी आठला जुना सेन्सर काढून नवा बसवला. नऊला ग्राउंड रन घेतला, म्हणजे विमान जमिनीवरच ठेवून इंजिन चालवून पाहिलं. मी कॉकपिटमध्ये, गजानन बाहेर. दहा मिनिटं आकडा ठाम होता. बंद करणार, एवढ्यात तो एकदा चौदावर आला आणि परत वर गेला.

नवा सेन्सरही तेच सांगत होता. मग मी मनाला समजावलं की पाइप उघडले होते, हवेचा बुडबुडा राहिला असेल. असं होतं कधी कधी. अरोरासाहेब हेल्मेट घेऊन उभे होते. मी बुडबुड्यावर विश्वास ठेवला आणि सही केली.

सही करताना हात कापला नाही. पण उजव्या सीटकडे बघितलं आणि पाय जड झाले. मी घाबरलो होतो. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

तेवढ्यात गजानन म्हणाला, "सर, आज मी बसू काय? उत्तरेकडच्या सेक्टरला चालले ना. मायले फोन करतो, गच्चीवरून दिसन तिले."

"बस," मी म्हणालो. दुसऱ्यांदा विचारायचीही वेळ येऊ दिली नाही. तो आईला फोन लावतच विमानाकडे पळाला.

नऊ चाळीसला टँगो-टू उडालं. मी रेडिओ सेट बेंचवर ठेवला आणि हाताला चाळा म्हणून जुन्या सेन्सरच्या तोंडात टॉर्च मारला. चक्रीला काहीतरी गुंडाळलेलं होतं. चिमट्यानं ओढलं. केसाएवढा बारीक, पोपटी धागा निघाला. मागोमाग दुसरा.

फिल्टरची बाटली. माझी चिंधी. धागे फिल्टरच्या गाळणीपलीकडच्या बाजूनं पाइपात गेले होते, आणि चक्री ओलांडली की पुढं थेट कार्ब्युरेटर. नऊ एकावन्नला मी माइक उचलला.

"टँगो-टू, बेस. रिटर्न इमिजिएटली. फ्युएल कंटॅमिनेशन."

"रॉजर, बेस. टर्निंग बॅक." अरोरासाहेबांचा आवाज शांत होता.

मग गजानन. "सर, गेज तेरा. सेन्सर परत गेला वाटते."

"गजानन, सेन्सर खरं सांगतोय. आकडा वाचत राहा."

त्याला कळलं होतं.

"अकरा," तो म्हणाला. "अकरा. नऊ. नऊ."

हँगरमध्ये सगळे येऊन उभे राहिले. मी माइक दोन्ही हातांनी धरला होता. देवाचं नाव घ्यावं तर एकही नाव आठवेना.

"सात. सर, सहा."

"इंजिन आउट," अरोरासाहेब म्हणाले. "वस्ती सोडून डावीकडे वळतोय. शेत दिसतंय."

"शून्य," गजानन म्हणाला.

त्यानंतर रेडिओवर नुसती खरखर. मी हाका मारत राहिलो. शेवटी हँगरच्या वॉरंट ऑफिसरनी माझ्या हातातून माइक काढून घेतला.

विमान तापीपलीकडे उसात उतरलं. ऊस उंच होता, चाक अडकलं, विमान उजवीकडे कलंडून कालव्याच्या बांधाला धडकलं. अरोरासाहेबांचा पाय मोडला. गजाननने दवाखान्याच्या वाटेवरच प्राण सोडला.

चौकशीत मी चिंध्यांचं सगळं सांगितलं. चौदावर आलेला आकडाही सांगितला. शिक्षा झाली, ती योग्य होती. अरोरासाहेबांनी जबाब दिला की कॉर्पोरल आकडे वाचत राहिला म्हणून इंजिन कधी बंद पडणार याचा अंदाज आला, नाहीतर ते वस्तीवरूनच सरळ आले असते. मग चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "नियमाप्रमाणे उजव्या सीटवर तुम्ही का नव्हता?"

"वजन, सर," मी म्हणालो. "मी त्र्याऐंशी किलो, तो एकसष्ट." आकडे खरे होते. पुढं कुणी विचारलं नाही.

तेराव्यानंतर मी कोसाडला गेलो. गजाननच्या वडिलांनी दारातच माझे दोन्ही हात धरले.

"साहेब, त्यानं सकाळीच फोन केला होता. सरनं आपली जागा मले देली म्हने. लय खुशीत होता." त्यांनी माझे हात सोडले नव्हते. "इतकं मोठं मन कोनाचं रायते?"

मी सांगायलाच गेलो होतो. तोंड उघडलंही होतं. आतून त्याची आई चहा घेऊन आली. तिनं कप पुढं केला, आणि मी तो घेतला.

कॉर्पोरल गजानन. सात म्हणाला, सहा म्हणाला, शून्य म्हणाला, आणि आवाज एकदाही कापला नाही. खाली त्याच्या आईचं घर होतं, शेकडो घरं होती, आणि त्यातल्या एकावरही टँगो-टू पडलं नाही.

दर दिवाळीला गजाननच्या वडिलांचा, काकांचा, फोन येतो. "साहेब, बरे हायेत ना?" मी बरा आहे म्हणतो. आता हे लिहून झालंय. रविवारी कागद घेऊन कोसाडला जाणार आहे. काकांना वाचता येत नाही, त्यामुळे मलाच मोठ्यानं वाचावं लागेल.