कापड जयसिंगपूरला, बांबू हुपरीला

फोन काकूंचा होता. मी शाळेतल्या गाईड मुलींचे स्कार्फ इस्त्री करत होते. चौगुले सरांच्या घरून सकाळी सकाळी फोन म्हणजे सरांनी माझ्यासाठी काहीतरी काम काढलेलं असणार, म्हणून मी उचलल्या उचलल्या विचारलं, "बोला काकू, आता काय राहिलं म्हणतात सर?" काकू म्हणाल्या, "काय न्हाय राहिलं, बाई. ह्ये गेलं पहाटं." इस्त्री स्कार्फवर तशीच राहिली आणि कापडावर हा एवढा तपकिरी डाग पडला. सर असते तर म्हणाले असते, बाई, रडायचं तर रडा, पण आधी इस्त्री उभी करा... तो स्कार्फ मी टाकलेला नाही.

आमच्या जिल्हा स्काउट-गाईड परिषदेचे बळवंत चौगुले सर कित्येक वर्षं चिटणीस होते. परिषद म्हटलं की लोकांना मोठी इमारत, शिपाई, दारावरची पाटी असलं काहीतरी दिसतं. आमची परिषद म्हणजे शाहूपुरीत एका गिरणीच्या माडीवरची खोली. खाली मिरची दळायला घेतली की वर सगळी सभा शिंकायला लागायची, आणि सर गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "ठराव एकमतानं मंजूर." अध्यक्ष मानापुरते. शाळाशाळांतून पथकं, पथकांवर तालुक्याचा एकेक माणूस, त्या सगळ्यांवर सर, आणि सरांवर काकू. एवढी सरळ रचना होती ती.

स्काउट मंडळी डाव्या हातानं हात मिळवतात, हे आता किती जणांना ठाऊक आहे कुणास ठाऊक. सर मात्र जगाशीच डावा हात मिळवायचे. बँकेतला साहेब असो, भाजीवाला असो, नाही तर दारात आलेलं पावणं असो, डावा हात पुढं! स्वतःच्या लेकीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांपुढं डावा हात केला आणि ते गृहस्थ लालबुंद होऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मग सरांनी तिथं जाऊन या चालीमागचा अर्थ समजावला, की ढाल डाव्या हातात असते, ती खाली ठेवल्याशिवाय डावा हात देता येत नाही, म्हणजे समोरच्यावर पुरता विश्वास टाकला. व्याही गार झाले. काकू काही झाल्या नाहीत. "भर मांडवात लाज आणली माणसानं," हे त्या पुढं वर्षानुवर्षं ऐकवत राहिल्या, आणि त्या हातात हात मी या जन्मात देणार नाही, असंही सरांच्या देखत सांगायच्या. सर नुसते हसायचे.

आता मुख्य गोष्ट सांगते. एका वर्षी जिल्ह्याचं शिबिर कुठं घ्यायचं यावरून आमच्यात जोरदार वाजलं. जयसिंगपूरचे मगदूम तेव्हा तरणेबांड, तापट. ते उभं राहून म्हणाले, आमचं आम्ही बघतो, आमच्या वाटणीचे तंबू टाका. हुपरीचे पोतदार घरी पैंजण घडवायचे, बोलायला एरवी मवाळ, पण त्यांनीही तोच सूर लावला. परिषद मोडणार हे मला स्पष्ट दिसत होतं आणि मी सरांकडं बघत होते, की हा माणूस आता तरी आवाज चढवेल. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. वाटणी करूया की." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

आणि त्यांनी वाटणी केली! तंबूंचं सगळं कापड जयसिंगपूरला. सगळे बांबू हुपरीला. दोर आणि मेखा सरांच्या स्वतःच्या घरी, मागच्या खोलीत. घोळ असा, की गठ्ठे आधीच गोणपाटात निरनिराळे बांधलेले होते आणि जिंकल्याच्या आनंदात दोघांनीही आत काय आहे ते बघितलं नाही. मगदूमांनी कापड रेल्वेनं नेलं, पोतदारांनी बांबू एसटीच्या टपावर चढवले. घरी पोचल्यावर उजेड पडला. पोतदारांचा संतापून फोन आला, नुसत्या बांबूंचं मी काय करू? सर शांतपणे म्हणाले, "जयसिंगपूरला विचारा. त्यांच्याकडं कापड हाय म्हणं."

दोघांनीही हट्ट सोडला नाही हे विशेष. पोतदारांनी घरोघरच्या चादरी गोळा करून बांबूंवर ताणल्या. वारा सुटला आणि चादरी शेजारच्या उसात गेल्या. मुलं दिवसभर ऊस खात चादरी शोधत होती, हुपरीतली मोठी झालेली पोरं अजून ते शिबिर सर्वांत चांगलं झालं म्हणतात. मगदूमांनी शाळेच्या आवारात लिंबाच्या फांद्यांना कापड बांधलं, ते रात्रीतून पोरांच्या अंगावर आलं. पुढच्या सभेला दोघं माडीवर हजर, मान खाली. खाली मिरची सुरू झाली, सगळे शिंकले, आणि शिबिर एकत्र ठरलं. तेव्हापासून वाटणी तशीच राहिली. जिल्ह्यात तंबू उभा करायचा तर तिघांनी एका जागी यायचं, दुसरा मार्गच नाही.

शेवटची भेट झाली तेव्हा सर अंथरुणाला खिळले होते. आवाज खोल गेला होता, पण विचारलं काय? "मगदूमनं कापडाला ऊन दावलं का? कसर लागंल बघा..." मी रागावले. म्हटलं सर, जरा स्वतःचं बघा की. त्यांनी डावा हात पुढं केला. मी तो बराच वेळ धरून बसले.

सर गेल्यावर चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं, आणि महिना व्हायच्या आत मगदूमांचा फोन. हल्ली पिशवीतून काढला की आपोआप उभा राहणारा तंबू मिळतो, बांबू नको, दोर नको. तर ज्याचे त्याने घ्यावेत, ही ने-आण किती दिवस करायची? पोतदारांचंही तेच मत पडलं. बोलणं चुकीचं नव्हतं म्हणून तर मी जास्त तडकले. सर जाऊन महिना झाला नाही आणि त्यांनी एवढ्या युक्तीनं एकत्र ठेवलेली परिषद माझ्या हातून सुटणार, या विचारानं घास गोड लागेना. शेवटी ठरलं, की निदान काकूंची खोली तरी मोकळी करून देऊ. म्हाताऱ्या बाईनं तो पसारा कशाला सांभाळायचा?

तिघंही गेलो. मागच्या खोलीत खुंट्यांवर दोरांची वेटोळी ओळीनं टांगलेली होती. मगदूमांनी एका गाठीचं टोक ओढलं, आणि ती एका झटक्यात सुटली. बांधताना घट्ट, सोडताना सोपी, सरांची शिकवणच ती. दोर त्यांच्या पायावर पडला आणि एवढा मोठा माणूस तिथंच जमिनीवर बसून त्याचं पुन्हा वेटोळं करायला लागला. वर बघेना. पोतदार दुसरं टोक धरून त्यांच्यासमोर बसले.

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "दोर हितंच ऱ्हाऊ द्या. ते न्यायला म्हणून तरी वर्साला दारात पोरांची गर्दी हुईल. ते बी नेलासा, तर मग माझ्याकडं येणार कोण?"

मी डोळ्यांना सरळ पदर लावला. मगदूमांनी दोर परत खुंटीवर अडकवला आणि म्हणाले, "गेल्या गेल्या कापडाला ऊन दावतो, काकू." पोतदार म्हणाले, बांबूंना तेलपाणी करायला हवं. पिशवीतल्या तंबूंचं नाव परत कुणी काढलं नाही. शिबिराची जागा आम्ही चहा पिता पिता ठरवली, आणि त्यावरूनही थोडं वाजलंच.

निघताना मी नमस्काराला वाकणार, तोच काकूंनी हात पुढं केला... डावा.