हौदातली लाट

भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरी बुधवार पेठेत, माझ्याच घराच्या अंगणात, भर दुपारी मी जे पाहिलं ते लिहून ठेवतो आहे. त्याआधी मी जे केलं, तेही लिहायचं राहून गेलं आहे.

मी एका सरदारांच्या दफ्तरात कारकून होतो. त्यांची तीन गलबतं कोकणात असत. पण पावसाळ्यानंतर ती समुद्रात कधी लोटायची, त्याचा मुहूर्त पुण्यात निघे. मी समुद्र पाहिलेला नव्हता. आजतागायत नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी दाऊद तांडेल घाट चढून आला. तिन्ही गलबतं त्याच्या हाताखाली.

"पंत, यंदा मुहूर्त नको, मोकळीक द्या," तो म्हणाला. "दर्या अजून तापलेला आहे. हात घातला तर कोमट लागतो."

"मग आंघोळीची सोय झाली."

तो हसला, पण हटला नाही. "पाणी असं तापलं की दूर, जिथून किनारा दिसत नाही तिथे, हवा वर चढते. रिकाम्या जागेत चहूकडून वारा धावतो, गरगरायला लागतो, ढग ओढून घेतो. किनाऱ्यावर आभाळ निळंच... पण लांब, सुस्त लाट आधी येते. वारा नसताना. एका लाटेपासून दुसरीपर्यंत चौदा आकडे मोजून होतात. ती दिसली की दोन-तीन दिवसांत वादळ. आधी गुदमरतं, मग वारा एकदम फिरतो, गार होतो. ती लाट बघून मला ठरवू द्या... एवढंच वर लिहा."

"लाटेला पंचांग कळत नाही, तांडेल."

"पंचांगाला लाट कळते का, पंत?"

ते मला झोंबलं. शिवाय मुहूर्ताची पत्रं लिहून तयार होती. सगळी पुन्हा लिहावी लागली असती. कारभाऱ्यांनी तांडेलाचं म्हणणं विचारलं, तेव्हा मी कागदावर लिहिलं — 'तांडेलास मुहूर्त मान्य.' दाऊदला सांगितलं, तुमचं म्हणणं कळवलं आहे. तो मला दुवा देत घाट उतरला.

मुहूर्तानंतरचा तिसरा दिवस. पत्नी त्याच वर्षी गेली होती, मूलबाळ नाही. घरात मी एकटा. हौदावर पाय धुवायला गेलो. वारा अजिबात नव्हता. हौदातलं पाणी एका कडेला सावकाश वर चढलं, थांबलं, उतरलं. पुन्हा चढलं. मी मोजलं... चौदा. पुन्हा मोजलं — चौदा! मग पाण्यावरून गार वारा तोंडावर आला. तुळशीचं पानही हललं नाही. ओंजळ तोंडाला लावली... खारट.

शेजारच्या गोदूताईंना हाक मारली.

"काय पडलं हौदात?"

"पाणी हलतंय."

"पाणीच हलायचं, पंत. दगड हलला की बोलवा." त्यांनी घोटभर पाणी चाखलं. "गोडच आहे. वेळेवर जेवत जा."

त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत मी हौदाशी बसून होतो. पाणी हलत होतं, आणि ते सांगायला मला कोणी नव्हतं.

पंधरवड्याने बातमी आली. तिन्ही गलबतं बुडाली होती. वाचलेल्या एका खलाशाने सांगितलं, मुहूर्ताच्या सकाळीच ती लाट आली होती. दाऊद बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला, "पुण्याचा हुकूम आहे." तिसऱ्या दिवशी, दुपारी, वारा फिरला.

चौकशीत माझा कागद निघाला. तांडेलास मुहूर्त मान्य होता, तेव्हा चूक तांडेलाची, असं ठरलं. मी समोर बसून तो निकाल सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

हौदात काय आलं होतं, ते मला आजही उलगडलेलं नाही. शास्त्री-पंडितांना विचारलं, त्यांनी मला विश्रांती घ्यायला सांगितलं. दाऊदने हरकत घेतली होती, एवढं मात्र मी शपथेवर लिहितो.

या कागदाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक दफ्तरात जाईल आणि तिथे बाजूला पडेल. मीही असे कागद बाजूलाच टाकत आलो. दुसरी दाऊदच्या मुलीला. गाव तिला अजून गलबतं बुडवणाऱ्याची पोर म्हणतं. तिला वाचता येत नाही, म्हणून नेणाऱ्याला बजावलं आहे — गावात चार माणसं जमव, मोठ्याने वाच, आणि माझं नाव आलं की आवाज खाली आणू नकोस.