चोवीसकाकांची बकरी

चोवीसकाका वेळ मिनिटांत मोजत नसत, चित्रांत मोजत. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात, तेच त्यांचं माप, आणि ते माप ते बँकेत, दवाखान्यात, भाजीच्या ठेल्यावर, कुठेही लावत. मी एकदा त्यांच्याकडे दहा मिनिटं उशिरा पोचलो, तर दार उघडताउघडताच म्हणाले, "चौदा हजार चारशे चित्रं थांबलो भाऊ तुझ्यासाठी. एवढ्यात आमच्याकडे माणूस जन्मतो, लग्न करतो आणि म्हातारा होऊन खुर्चीत बसतो." भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीत त्यांचं खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. एकदा कुरिअरवाल्यानं ते आडनाव घेऊन चौकशी केली, तर त्यांच्या शेजाऱ्यानंच त्याला पुढच्या गल्लीत पाठवलं.

काका मूळ नागपूरचे. राजधानी नागपूरहून हलली तेव्हा वडील राज्य सरकारच्या कचेरीबरोबर भोपाळला आले, आई नागपूरच्या घरीच राहिली, आणि काकाही मग तुळसी नगरच्या क्वार्टरमध्ये राहून पस्तीस वर्षं नकाशे काढत राहिले. ड्राफ्ट्समन. धरणांचे, कालव्यांचे, पुलांचे छेद. त्यांची रेघ इतकी सरळ असायची की पावसाचं पाणी कागदावरून त्या रेघेच्या कडेकडेनं वाहून जाई, असं त्यांच्या कचेरीतले लोक सांगत, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. निवृत्तीनंतर ते आमच्या कॉलनीत आले, आणि मुलानं त्यांना जुना लॅपटॉप दिला. त्यावर कधीतरी त्यांना कुठल्याशा थंड देशातल्या एका विद्यार्थिनीची तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म सापडली. साध्या पेन्सिलीनं काढलेला जिना, आणि त्याची प्रत्येक रेघ थरथरणारी. काका दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "पस्तीस वर्षं मी रेघ हलू नये म्हणून पगार घेतला. आणि ही पोरगी रेघ हलवते, तर जिना श्वास घेतो रे!"

त्या दिवसापासून काकांनी जगभरच्या एकट्यादुकट्या चित्रकारांच्या फिल्मा धुंडाळायला घेतल्या. कुणी काचेवर वाळू पसरून हत्ती चालवलेला, कुणी लोकरीच्या गुंड्यातून कुत्रा काढलेला, कुणी चार वर्षं एका खोलीत बसून सहा मिनिटं तयार केलेली. दर रविवारी चार वाजता त्यांच्या हॉलमध्ये खेळ. होशंगाबाद रोडवरचा एक कोचिंग क्लास बंद पडला तेव्हा त्याचा प्रोजेक्टर काकांनी उचलला होता. तो सुरू झाला की विमान उतरतंय असं वाटून गल्लीतली पोरं गच्चीवर धावत. खिडक्यांवर ब्लँकेटं. पंख्यानं ब्लँकेटं उडतात म्हणून पंखा बंद. मे महिन्यात भोपाळला चार वाजता ब्लँकेटं लावलेल्या खोलीत बसलेला माणूस कलेसाठी काहीही करू शकतो. माझं त्या उन्हाळ्यात सहा किलो वजन उतरलं, ते अजून सापडलेलं नाही.

प्रेक्षक म्हणजे मी, कॉलनीतले पाचसहाजण, काकी आणि शेजारचे मिश्राजी. मिश्राजी एकही रविवार चुकवत नसत आणि एकही फिल्म मुकाट्यानं बघत नसत. वाळूचा हत्ती विरून त्याची चिमणी होत असताना, सगळी खोली श्वास रोखून बसलेली असताना, त्यांचा आवाज येई, "भाईसाहब, ये कार्टून तो ठीक है, पर इसमें हीरो कौन है?" काका शांतपणे उत्तर देत, "मिश्राजी, हीरो वो है जिसकी गर्दन अकड़ गई बनाते-बनाते."

त्या अखडलेल्या मानेपायीच काकांचा एक नियम होता. बनवणाऱ्याची परवानगी आल्याशिवाय फिल्म दाखवायची नाही. "ज्यानं चार वर्षं मान मोडली, त्याला न विचारता? आपण काय चोर आहोत?" मग ते पत्र सांगत, आणि मी ते इंग्रजीत करून पाठवत असे. पत्राची भाषा मात्र कचेरीचीच. 'विषय: आपला चित्रपट दाखविण्यास परवानगी मिळणेबाबत.' उत्तर आलं नाही तर 'स्मरणपत्र क्रमांक एक'. एका चित्रकारानं उलट विचारलं की तुमच्या थिएटरात आसनं किती? काकांनी कळवलं, "दिवाण एक, खुर्च्या चार, सतरंजी एक. सतरंजीची क्षमता माणसांच्या स्वभावावर अवलंबून." त्या माणसानं एकदम तीन फिल्मा पाठवल्या.

ज्यांची परवानगी येत नसे त्या फिल्मा काका तोंडी सांगत. खुर्चीवरून उठून, हातवारे करून, प्रसंगी जमिनीवर झोपून. खरं सांगायचं तर मला आवडलेल्या निम्म्या फिल्मा मी कधी पाहिलेल्याच नाहीत.

त्यातली एक म्हणजे दाराची बाई. ऑनलाइन महोत्सवात ती दोनच दिवस होती. काकांनी ती एकदाच, एकट्यानं पाहिली. काकी तेव्हा बहिणीच्या नातवाच्या बारशाला नागपूरला गेलेल्या. एक बाई पाठीवर लाकडी दार बांधून बर्फातून चालली आहे. दमली की ते दार बर्फात उभं करते, उघडते, आणि आत जाते. सगळं काचेवर तैलरंगात. वाटेत तिला एक बकरी भेटते. बाई दारातून आत जाते, पण बकरी उंबऱ्यावर पाय रोवून उभी राहते, आत ना बाहेर. बाई ओढते, बकरी हलत नाही. काका स्वतः बकरी होत, दिवाणाचा कोपरा धरून असे अडत की दिवाण हलायचा, काका नाही. इथे काकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. दर वेळी. शेवटी दारापलीकडे चूल पेटलेली असते आणि कुणीतरी बाईला जेवायला हाक मारतं.

काकींना काचबिंदू होता. डावा डोळा गेलेला, आणि उजव्याच्या नजरेचा घेर महिन्यामहिन्यानं आकसत चाललेला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही. काकींनी ते हसण्यावारी नेलं. "बाजूचं दिसत नाही ते बरंच आहे, मिश्राजी दिसत नाहीत." पण काकांनी मनावर घेतलं. काकींचा डोळा जायच्या आत त्यांना दाराची बाई दाखवायची, एवढा एकच ध्यास. पत्र गेलं. स्मरणपत्र एक गेलं. दुसऱ्या स्मरणपत्राच्या तळाशी काकांनी कधी नव्हे ती एक घरगुती ओळ घातली: 'पत्नीची दृष्टी कमी होत आहे, तरी तातडीने विचार व्हावा.' मी म्हटलं, "काका, फिल्म कुठूनतरी मिळते का बघू? कॉलेजची पोरं काढून देतील."

"बघशील," काका म्हणाले, "आणि मग मी तुझ्या काकीला चोरीचं दाखवू?"

आतून काकींचा आवाज आला, "अहो, काकीला चालेल!"

काकांना नाही चाललं. तिसरं, चौथं स्मरणपत्र गेलं. दरम्यान काकी रविवारी काकांना चिकटून बसायला लागल्या, आणि भिंतीवर काय चाललंय ते काका त्यांना मोठ्यानं सांगायला लागले. आम्हाला त्याची सवय झाली. मिश्राजींनासुद्धा.

दीड वर्षानं उत्तर आलं. फिल्म काढणाऱ्या बाईंची आई आजारी होती, टपाल बघायला झालं नव्हतं, पाचही पत्रं एकदम वाचली, फार वाईट वाटलं. सोबत फिल्म. काकींना तोवर उजेड, अंधार आणि मोठी सावली एवढंच कळत होतं. काकांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी लावू." आधी बघून घ्या म्हटलं, तर तयार नाहीत. "हिच्याबरोबरच बघणार."

रविवारी सतरंजी कमी पडली. फिल्म सुरू झाली. बर्फ, पाठीवर दार, वाकलेली बाई. अगदी काकांनी सांगितली होती तशीच. काका काकींच्या कानाशी सांगत होते. बाईनं दार उभं केलं. उघडलं. पलीकडेही बर्फच. ती परत चालायला लागली. बकरीची जागा आली आणि गेली. बकरी नव्हती. फिल्ममध्ये बकरी नव्हतीच, कधीच नव्हती. काका वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांचा चेहरा मी प्रोजेक्टरच्या उजेडात पाहिला. लबाडी पकडली गेलेल्या माणसाचा नव्हता तो. स्वतःच्या घरात वाट चुकलेल्या माणसाचा होता.

"अहो," काकी म्हणाल्या, "बकरी आली का?"

मिश्राजींनी तोंड उघडलं. मी त्यांचा गुडघा दाबायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

"आ गई भाभीजी!" मिश्राजी ओरडले. "बड़ी ज़िद्दी है! देखिए, पैर गड़ा के खड़ी है!"

काकी हसायला लागल्या. काकांनी एक मोठा श्वास घेतला आणि बकरी ओढायला घेतली. भिंतीवर बाईनं दार बर्फात आडवं टाकलं, त्यावर अंग टाकलं, आणि फिल्म संपली. चार मिनिटांत. भिंत काळी झाली. काका सांगतच होते. चूल पेटली, भाकरी झाली, हाक आली. मेचा उकाडा, पंखा बंद, दहा माणसं घामानं निथळतायत, आणि एकानंही ब्लँकेट बाजूला केलं नाही.

सोमवारी सकाळी काकांनी मला बोलावलं. रात्रभर झोपले नसावेत. "पत्र घे. विषय: आपल्या चित्रपटात एक बकरी जादा दाखविली गेल्याबाबत." मी टाइप करू लागलो. "महोदया, सदर बकरी मूळ चित्रपटात नाही. तसेच शेवटी बदल करण्यात आला. याची सर्व जबाबदारी खालील सही करणाराची असून..."

काकी समोरच जमिनीवर बसून चाचपून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "एवढी माफी कशाला? लिहा तिला, बकरी आमच्या सासूबाईंची होती म्हणून."

"काय?"

"नागपूरच्या घरची. लग्न होऊन आले तेव्हा होती ना. उंबऱ्यात पाय रोवायची तश्शी. बर्फात कुठली आलीय बकरी? तुम्ही पहिल्यांदा सांगितलीत तेव्हाच ओळखली मी."

काकांनी चष्मा काढला. "आणि काल?"

"काल भिंतीवरचा उजेड गेला, तेवढं कळतं मला अजून. तुमचं आपलं चालूच होतं."

"मग हसलीस कशाला?"

"बकरीला मी नेहमीच हसते," काकी म्हणाल्या.

काकांनी लॅपटॉप माझ्या हाताखालून काढून घेऊन मिटला, काकींसमोर जमिनीवर बसले, आणि त्यांच्या ताटलीतला लसणाचा एक गड्डा उचलून सोलायला लागले.