सूरवाल्यांचं टर्नटेबल

तर खोकं जिन्याच्या वळणावर अडकलं, इथवर गोष्ट आली होती काल. खाली खोकं पोचवणारा दांडगा गडी, वर सूरवाले आणि मधे अठरा किलोंचं टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र. गडी म्हणाला, “आजोबा, जरा आडवं करू या.” तसे सूरवाले कडाडले, “तू हो आडवा! त्याला आडवं करायचं नाही, खोक्यावर बाण काढलाय तो दिसत नाही?” शेवटी त्यांच्या बायकोनं वरूनच फर्मान सोडलं, “कठड्यावरून उचला, आणि तोंडं बंद ठेवा दोघंही.” मग कुठं धापा टाकत ते घरात आलं.

सूरवाले म्हणजे पियानोचे सूर लावणारे. खरं नाव घरच्या पाटीवर होतं तेवढंच. चाळीस वर्षं एक कातडी पिशवी खांद्याला लावून ते शाळांत, सभागृहांत, हौशी लोकांच्या दिवाणखान्यांत जात आणि दोनशेवर तारा एकेक करून पिळत. त्यांची एक मिजास होती. कामाला सुरुवात करताना बाकीचे लोक नेमका सूर देणारा पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरतात. सूरवाल्यांनी तो पिशवीतून कधी बाहेर काढला नाही. पहिला सूर त्यांच्या डोक्यातच असायचा.

तो तिथं आहे की नाही याची झडती ते रोज सकाळी घेत. चहाच्या आधी खिडकीशी पाठमोरं उभं राहून तो सूर गुणगुणायचा आणि मग पियानोची एक जुनी तबकडी लावायची. तिची सुरुवात नेमकी त्याच सुरानं व्हायची. गुणगुणलेला सूर आणि तबकडीतला सूर एकमेकांवर बसले, की सूरवाले म्हणत, “हं, आहे जागेवर,” आणि मग चहा. तीस वर्षं हा नेम होता. त्या चहाला उशीर झालेला बायकोला चालत नसे, पण तिनं सुईला हात लावलेला त्यांना चालत नसे, तेव्हा फिट्टंफाट.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी सूर बसला नाही. तबकडी केसभर खाली वाजली. दुसऱ्या दिवशी आणखी केसभर. आठवड्याभरात तर दोन सुरांत मांजर जाईल एवढी फट पडली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यंत्र बिघडलं. पण सूरवाल्यांनी स्वतःच्या कानावरच संशय घेतला, आणि त्याला कारण होतं. ज्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले त्या मास्तरांचा कान म्हातारपणी असाच सरकला होता. मास्तर प्रत्येक पियानो थोडा चढा लावून यायचे, लोक तोंडावर वाहवा करायचे, आणि सूरवाले संध्याकाळी गुपचूप जाऊन तो पुन्हा उतरवायचे. मास्तरांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. म्हणूनच, आपल्या कामाची तक्रार येत नाही यानं सूरवाल्यांचं समाधान होईना. मास्तरांचीही कुठं येत होती?

पिशवीतला नादकाटा गुडघ्यावर आपटला असता तर क्षणात निकाल लागला असता. त्यांनी तो कपाटात कुलपात ठेवला. निकालच नको होता. कामाचे फोन आले की सांगायचं, पाठ धरलीय. येताजाताची शिट्टी बंद, गुणगुणणं बंद. बायकोला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरातली शिट्टी बंद झालेली तिला पहिल्या दिवशी कळली. तिनं परगावच्या इंजिनिअर लेकीला फोन केला, “तुझ्या बाबांना नवं यंत्र पाठव. चांगल्यातलं चांगलं. जुनं वाजलं की त्यांचा चेहरा बघवत नाही.”

लेकीनं आधी माहितीपत्रक पाठवलं. सूरवाल्यांनी ते इतक्यांदा वाचलं की घड्या फाटल्या. “ऐक, ह्यात थाळी फिरवणारा पट्टाच नाही. मोटार थेट तबकडीखाली बसवलेली. मधे कुणी नाही.”

“बरं झालं,” बायको म्हणाली. “मधले लोक फार घोळ घालतात. आपलं लग्न आठवा.”

“आणि वेग म्हणजे तसूभर इकडे नाही, तिकडे नाही! हे खोटं बोलूच शकत नाही.”

हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज उतरला. आनंद तर होताच, चाकाच्या चित्रावरून बोट फिरवताना ते पोरासारखे हसत होते. पण जे यंत्र खोटं बोलत नाही, ते घरात आलं की खरं ऐकावं लागणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

तर खोकं उघडलं. चाकाची जड थाळी दोन्ही हातांनी उचलताना सूरवाल्यांच्या तोंडून “अबब” निघालं. बोटानं हलकेच ढकललं तर ती फिरतच राहिली, आवाज म्हणून नाही. मग पाणसळ लावून पातळी बघितली, सुईच्या दांडीचं वजन तोललं, प्रत्येक बटण दाबून पाहिलं, कडेची सरकपट्टी वरखाली केली. तीन तास गेले.

“वाजवणार आहात की नुसते कुरवाळत बसणार?”

सूरवाले खिडकीशी गेले, सूर गुणगुणला, परत येऊन बटण दाबलं. पापणी लवायच्या आत थाळीनं वेग घेतला. सुई टेकली आणि कोऱ्या वहीच्या पानासारखी शांतता पसरली. तबकडी जुनीच, पण आता पियानोवाल्याचं बोट पट्टीवर पडायच्या आधीची चाहूलसुद्धा ऐकू यावी इतकी स्वच्छ. आणि पहिला सूर आला.

चढा. चांगलाच चढा.

सूरवाले मटकन खुर्चीत बसले. जुन्या यंत्रावर खाली, नव्यावर वर. म्हणजे डोक्यातल्या सुराला आता ठावठिकाणाच उरला नव्हता. “संपलं,” ते म्हणाले. “माझा कान गेला. मास्तरांसारखाच.” चार महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

बायकोला ऐकून काही कळणार नव्हतं, म्हणून ती वाकून बघत राहिली. “अहो, ह्या मुंग्या अशा चालायला हव्यात का?”

“कसल्या मुंग्या?”

“ह्या चाकाच्या कडेला. दिव्यापुढून ओळीनं चालल्यात बघा.”

मुंग्या नव्हेत, ठिपके. वेग बरोबर असला की दिव्याच्या उजेडात ते जागच्या जागी उभे दिसतात, हे सूरवाल्यांनी माहितीपत्रकात डझनभर वेळा वाचलं होतं. त्यांनी वेग कमीजास्त करायच्या सरकपट्टीकडे पाहिलं. ती मधल्या खुणेच्या बोटभर पुढं होती, म्हणजे वेग जास्त आणि सूर चढा. मघाशी ती त्यांनीच सरकवली होती. आयुष्यभर खुंट्या पिळलेला माणूस, हलणारी वस्तू दिसली की हात शिवशिवणारच. आणि जागेवर आणायला विसरले होते.

त्यांनी पट्टी मधे आणली. बारीक ‘टक्’ झालं, हिरवा दिवा लागला, मुंग्या थांबल्या.

पण आता त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. “सुई तू टेक.”

“मी?”

“तूच. मला वळायचं नाही.”

तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ती दांडी उचलली. सूरवाल्यांनी गुणगुणणं धरून ठेवलं. सुई टेकली, सूर आला, आणि गुणगुणीवर असा बसला की दोन आवाज होते हे सांगूनही खरं वाटू नये.

त्यांचा जीव भांड्यात पडला. किल्ली शोधून त्यांनी कपाट उघडलं, नादकाटा गुडघ्यावर आपटला. तोही तेच म्हणाला. मग त्यांनी जुन्या यंत्राची थाळी उचकटली. खालचा रबरी पट्टा जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता, म्हणूनच थाळी हळू फिरायची आणि सूर उतरायचा. तीस वर्षं ज्याला न्यायाधीश मानलं त्याची झडती कोण घेतो?

“एवढ्यासाठी चार महिने मला पाठीला शेक द्यायला लावलात?” बायको म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत चहा टाकायला गेली. आत तिला त्यांची शिट्टी ऐकू आली.

तेवढ्यात फोन वाजला. मोठ्या सभागृहाचे व्यवस्थापक. गुरुवारी कार्यक्रम आहे, विचारायचं म्हणून विचारतो, पाठ कशी आहे आता? सूरवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, तोही ठीक आहे ना हे बघितल्यासारखा, आणि म्हणाले,

“पाठ कधी दुखतच नव्हती हो, मीच घाबरलो होतो. गुरुवारी सकाळी नऊला येतो. तोवर त्या पियानोला कुणाला हात लावू देऊ नका, आणि मी आलो की मलाही सरकपट्ट्यांपासून लांब ठेवा.”