पाण्याची भीती

इथे आखातात, अल बर्शा वस्तीतल्या आमच्या इमारतीच्या स्विमिंग पूलवर एक बाई रोज संध्याकाळी दिसायच्या. वय साठीच्या पुढे, अंगात मनगटापासून घोट्यापर्यंत काळा पोहण्याचा पोशाख. हळूच बिस्मिल्ला म्हणत पाण्यात उतरायच्या आणि दोन्ही हातांनी काठ धरून नुसते पाय मारायच्या. लहानगी नात समोरून सांगायची, "दादी, जस्ट लेट गो." त्या हसायच्या, पण काठ सोडायच्या नाहीत.

मी मराठी आहे हे कळल्यावर एकदा म्हणाल्या, "आम्ही रत्नागिरीकडचे. माझे आजोबा महायुद्धात मालाच्या बोटीवर खलाशी होते. जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारून बोट बुडवली. पोहता येणारे काही वाचले, आजोबांना येत नव्हतं. त्यानंतर आजीने घरातल्या कुणालाच पाण्यात उतरू दिलं नाही."

"मग आता कशाला हा त्रास?" मी विचारलं.

"ही पाण्यात गेली की माझ्या छातीत धडधडतं," नातीकडे बघत त्या म्हणाल्या. "एक दिवस आजीसारखीच मीही हिला ओरडून बाहेर काढीन. त्याआधी माझीच भीती जायला हवी."

युद्ध कधीच संपलं होतं, पण त्यांच्या घरातून ते अजून पुरतं गेलं नव्हतं.

परवा त्यांनी काठ सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, तरी हात मारत त्या समोरच्या काठाला पोचल्या. नात टाळ्या वाजवत राहिली. धाप ओसरल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिकडे पाय टेकत नाहीत म्हणतात," खोल पाण्याकडे हात करून त्या म्हणाल्या. "उद्या मला तिथे घेऊन चला."